चवदार तळ्याचे पाणी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर

रायगड जिल्ह्यातील महाड येथे दरवर्षी २० मार्च रोजी गावोगावचे हजारो लोक चवदार तळ्याकाठी जमतात. पायऱ्या उतरून पाण्याला हात लावतात, ओंजळभर पाणी मुखी घेतात आणि नतमस्तक होऊन परततात. त्या तळ्याच्या पाण्यात औषधी गुण आहेत, अशी काही त्यांची श्रद्धा नाही. १९२७ साली याच दिवशी, याच पायऱ्यांवरून एक माणूस खाली उतरला आणि आपल्या हजारो बांधवांसह तेथील पाणी प्याला, याची ती आठवण आहे. सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागावा आणि त्यापायी माणसांची डोकी फुटावीत, हे आजच्या तरुण पिढीला खरेही वाटणार नाही. म्हणूनच डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांची जीवनकथा पुन्हा एकदा सांगणे आवश्यक आहे. ही कथा अनेक अंगांनी सांगता येते. येथे ती पाण्याच्या अनुषंगाने सांगितली आहे, कारण माणुसकी नाकारली गेल्याचा पहिला मोठा धडा त्यांना पाण्यावाचून घालवलेल्या एका रात्रीने दिला होता.

तहानेची रात्र

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू या लष्करी छावणीत झाला. रामजी मालोजी सकपाळ आणि भीमाबाई या दांपत्याचे ते चौदावे अपत्य. घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले, जातीने महार. वडील लष्करात सुभेदार होते. ते शिस्तीचे, भक्तिमार्गी आणि मुलांच्या शिक्षणाविषयी अत्यंत दक्ष होते. सैन्यातून निवृत्त झाल्यावर हे कुटुंब दापोली आणि नंतर सातारा येथे आले. साताऱ्यात असतानाच भीमाबाईंचे निधन झाले.

साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना इतर मुलांपासून वेगळे बसावे लागे. बसण्यासाठी घरून गोणपाटाचा तुकडा न्यावा लागे आणि संध्याकाळी तो परत आणावा लागे, कारण शाळेचा झाडूवाला त्याला हात लावीत नसे. तहान लागली तर इतर मुले मास्तरांची परवानगी घेऊन नळावर जात. भीमरावांना मात्र परवानगी पुरेशी नव्हती. शिपायाने येऊन नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई जागेवर नसेल तर तहान घरी येईपर्यंत सोसावी लागे. गावातला न्हावी त्यांचे केस कापीत नसे. ते काम घरी बहीण करी.

१९०१ च्या सुमारास रामजी सुभेदार खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपाल होते. दुष्काळी कामावर तेथे तलाव खोदला जात होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मुलांना बोलावून घेतले. नऊ वर्षांचे भीमराव, त्यांचे वडीलबंधू आणि बहिणीची मुले नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली. वडिलांना पाठवलेले पत्र नोकराच्या विसराळूपणामुळे पोहोचलेच नव्हते. त्यामुळे त्यांना न्यायला कोणी आले नाही. चांगल्या कपड्यांतील मुले पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करू लागले. मुले महारांची आहेत हे कळताच त्यांचा चेहरा पालटला आणि ते निघून गेले. भाडे द्यायची तयारी असूनही एकही गाडीवान मुलांना गाडीत घेईना. अखेर दुप्पट भाडे ठरले. गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे, अशी तोड निघाली.

वाटेत फराळाचा डबा उघडला, पण जवळ पाणी नव्हते. ओढ्याचे पाणी जनावरांच्या शेणमुताने इतके घाण झाले होते की ते तोंडाजवळ नेववेना. मध्यरात्रीच्या सुमारास ती टोलनाक्यावर पोहोचली. आपण महार आहोत असे सांगितले तर पाणी मिळणार नाही, म्हणून आपण मुसलमान आहोत असे भीमरावांनी सांगून पाहिले. तरीही नाकेदाराने पाणी दिले नाही. शिदोरीतले अन्न समोर असूनही मुले त्या रात्री उपाशीच झोपली, कारण कोरड्या घशाखाली घास उतरत नव्हता. दुसऱ्या दिवशी ती वडिलांकडे सुखरूप पोहोचली, परंतु ती रात्र भीमरावांच्या मनातून कधीच गेली नाही. पुढे पस्तीस वर्षांनी आपल्या आठवणी लिहिताना त्यांनी सर्वप्रथम याच प्रवासाची हकिगत सविस्तर लिहून ठेवली.

विद्येचा मार्ग आणि बडोद्याचा अनुभव

सुभेदारांनी पुढे मुलांना मुंबईस आणले. परळच्या चाळीतील एका खोलीत संसार आणि अभ्यास दोन्ही चालत. एल्फिन्स्टन हायस्कूल ही सरकारी शाळा होती, तरी भेदभाव तेथेही होताच. फळ्यावर गणित सोडवण्यासाठी भीमरावांना पुढे बोलावले की फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळू नयेत म्हणून इतर मुलांची ते उचलण्याची धावपळ होई. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही त्यांना ते शिकू दिले गेले नाही आणि फारसी भाषा घ्यावी लागली. अशा परिस्थितीत १९०७ साली ते मॅट्रिक झाले. पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीच्या आधारे त्यांनी पदवी मिळवली आणि १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथून ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले.

करारानुसार त्यांना बडोदा संस्थानात नोकरी करायची होती. परदेशातील विद्यापीठांत गाजलेल्या या तरुणाला बडोदे शहरात राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी पारशी नाव धारण करून आसरा घेतला. दिवसा ते हिशेब खात्याच्या कचेरीत काम करीत आणि रात्री अडगळीने भरलेल्या अंधाऱ्या दालनात पुस्तकांच्या सोबतीने वेळ काढीत. अकराव्या दिवशी दहा-बारा पारशी गृहस्थ हातात काठ्या घेऊन जिन्यात उभे राहिले. धर्मशाळा विटाळल्याबद्दल त्यांनी जाब विचारला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम दिला.

त्या दिवशी बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू होता, दुसरा ख्रिस्ती. हिंदू मित्राने हळहळ व्यक्त केली, पण आपण आश्रय दिला तर घरातील नोकर निघून जातील, अशी अडचण सांगितली. ख्रिस्ती मित्राने सांगितले की पत्नी दुसऱ्या दिवशी येणार आहे, तिला विचारून कळवतो. हे पतिपत्नी मूळचे ब्राह्मण कुटुंबातील. धर्मांतरानंतर पतीचे विचार उदार झाले होते, परंतु पत्नीने जुने सोवळे सोडलेले नव्हते. तिची संमती मिळणार नाही, हे बाबासाहेबांनी ओळखले. मुंबईची गाडी रात्री नऊ वाजता होती. तोपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत बसून, उद्विग्न मनाने अश्रू ढाळीत काढले.

हा प्रसंग आपण ख्रिस्ती वाचकांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. अस्पृश्यतेचा उगम हिंदू समाजाच्या जातिव्यवस्थेत आहे, पण तिचा संसर्ग त्या समाजाच्या सीमेवर थांबला नाही. ज्यांच्या धर्मात जातीला मुळीच स्थान नाही, त्यांच्या उंबऱ्यावरही ती उभी होती. १९३४ साली दौलताबादचा किल्ला पाहायला गेले असताना बाबासाहेबांना पुन्हा हाच अनुभव आला. प्रवासातील धूळ धुण्यासाठी त्यांच्या सोबत्यांनी तेथील हौदाच्या पाण्यात हातपाय धुतले, तेव्हा स्थानिक मुसलमानांनी हौद बाटवल्याचा आरोप करीत गर्दी केली. किल्ला पाहण्याची परवानगी अखेर मिळाली. मात्र आत कुठेही त्यांनी पाण्याला स्पर्श करू नये म्हणून सोबत हत्यारी शिपाई देण्यात आला.

महाडची दोन अधिवेशने

मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी काही काळ प्राध्यापकी केली. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले. त्यासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले. त्याच वर्षी ते पुन्हा लंडनला गेले आणि अर्थशास्त्रातील सर्वोच्च पदवी व बॅरिस्टरी संपादून १९२३ साली परतले. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली.

याच सुमारास कायद्याच्या पातळीवर एक महत्त्वाची गोष्ट घडली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला. सरकारी पैशाने बांधलेली वा चालवली जाणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने इत्यादी स्थाने अस्पृश्यांना खुली असावीत, असा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, तरी प्रत्यक्षात तीन वर्षे एकाही अस्पृश्याला तेथे जाण्याचे धाडस झाले नाही. त्याच तळ्यावर इतर धर्मांचे लोक बिनदिक्कत पाणी भरत आणि गुरेढोरेही पाणी पीत.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे या तरुण कार्यकर्त्याने ती घडवून आणण्यासाठी अपार कष्ट घेतले होते. अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे उच्चवर्णीय सहकारीही सोबत होते. परिषदेला आलेल्या लोकांना पिण्यासाठी पाणी विकत घ्यावे लागले. त्यासाठी चाळीस रुपये मोजावे लागले. दुसऱ्या दिवशी परिषद संपताना सर्वांनी तळ्यावर जाण्याचे ठरले. चार-चारांच्या रांगा करून लोक शांतपणे बाजारपेठेतून निघाले. बाबासाहेब तळ्यात उतरले, त्यांनी ओंजळीने पाणी घेतले आणि ते प्याले. त्यांच्यामागून सारा जनसमुदाय प्याला.

लोक मंडपात परतले आणि परतीच्या वाटेला लागण्यापूर्वी जेवायला बसू लागले. तेवढ्यात, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी खोटी आवई गावात उठली. लाठ्याकाठ्या घेतलेला जमाव मंडपावर चालून आला. अन्न मातीत कालवले गेले, भांडी फोडली गेली. रस्त्यांत एकट्यादुकट्या सापडलेल्या माणसांना बेदम मारहाण झाली. त्यातून स्त्रियाही सुटल्या नाहीत. काहींनी मुसलमानांच्या घरांत आश्रय घेऊन जीव वाचवला. आसपासच्या खेड्यांतही परतणाऱ्यांना गाठून मारण्यात आले. परिषदेला आलेल्यांत सैन्यातून निवृत्त झालेले कितीतरी लोक होते. बाबासाहेबांनी नुसता इशारा केला असता तर महाडात रक्ताचे पाट वाहिले असते. त्यांनी तसा इशारा केला नाही. लोकांना शांत ठेवले, जखमींची व्यवस्था केली आणि न्यायासाठी कायद्याचा मार्ग धरला. हल्लेखोरांपैकी काहींना पुढे सक्तमजुरीची शिक्षा झाली.

इकडे सनातनी मंडळींनी तळ्याची शुद्धी केली. शेण, गोमूत्र, दूध, दही व तूप यांचे मिश्रण असलेल्या १०८ घागरी मंत्रघोषात तळ्यात ओतण्यात आल्या आणि पाणी शुद्ध झाल्याचे जाहीर झाले. माणसाच्या ओंजळीने बाटलेले पाणी शेणाने पवित्र होते, या समजुतीवर वेगळे भाष्य करण्याची आवश्यकता नाही. नगरपालिकेनेही ऑगस्ट १९२७ मध्ये आपला जुना ठराव रद्द केला.

बाबासाहेबांनी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरवले. विरोधकांनी न्यायालयात धाव घेऊन, तळे खासगी मालकीचे असल्याचा दावा केला आणि तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. दुसऱ्या परिषदेसाठी एकही सवर्ण जागा देईना. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. २५ डिसेंबर १९२७ रोजी, सर्व ख्रिस्ती जग नाताळ साजरा करीत असताना, महाडला त्या मंडपापुढील खड्ड्यात मनुस्मृतीचे दहन झाले. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या ग्रंथाचा निषेध करणारा हा ठराव जन्माने ब्राह्मण असलेल्या सहस्रबुद्धे यांनी मांडला होता. तळ्यावर जाण्याविषयी मात्र वेगळा निर्णय झाला. न्यायालयाचा हुकूम आपल्याविरुद्ध असला तरी तो मोडायचा नाही, असे बाबासाहेबांनी ठरवले. संतप्त झालेल्या हजारो अनुयायांना ते पटवून देणे सोपे नव्हते. तरी लोकांनी ऐकले. तळ्याभोवती मिरवणूक काढून ते परतले.

दावा महाड, ठाणे आणि मुंबई अशा पायऱ्या चढत दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची प्रथा अनादि काळापासून चालत आली आहे, हे विरोधकांना सिद्ध करता आले नाही आणि त्यांचे अपील फेटाळण्यात आले. एका ओंजळीचा हक्क सिद्ध होण्यास दहा वर्षे लागली.

तळ्यापासून राज्यघटनेपर्यंत

या दहा वर्षांत बाबासाहेबांचे कार्य सर्वत्र पसरले होते. १९२९ साली अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून फिरताना ते चाळीसगावला उतरले. तेथे एकही टांगेवाला त्यांना नेईना. महारवाड्यातील लोकांनी टांगा मिळवला, पण हाकायला बसला त्यांच्यातलाच एक अननुभवी माणूस. टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. बॅरिस्टर असलेल्या माणसापेक्षा कोणताही टांगेवाला स्वतःला श्रेष्ठ समजू शकतो, ही जातीची किमया त्यांनी त्या वेळी अनुभवली. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि काही वर्षे चालूनही मंदिराची दारे उघडली नाहीत. गोलमेज परिषदांत त्यांनी अस्पृश्यांची कैफियत जगापुढे मांडली. १९३२ साली गांधीजींच्या उपोषणामुळे पुणे करारावर सही करावी लागली. १९३५ साली पत्नी रमाबाई निवर्तल्या. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवले येथे त्यांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली.

या घोषणेनंतर अनेक धर्मांचे प्रतिनिधी त्यांना भेटले. त्यांत ख्रिस्ती मिशनरीही होते. बाबासाहेबांनी ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शिक्षण व आरोग्यसेवेची दखल घेतली होती. परंतु धर्मांतरित ख्रिस्ती समाजात जाती तशाच राहिल्या आहेत आणि आपल्याच दलित बांधवांच्या दुःखाबाबत तो समाज उदासीन आहे, असे परखड निरीक्षणही त्यांनी लिहून ठेवले. ते ऐकताना आपल्याला अवघडल्यासारखे होते, पण ते नाकारता येत नाही. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेतही जातिभेद असल्याचे मान्य केले आहे.

१९४७ साली बाबासाहेब स्वतंत्र भारताचे कायदामंत्री आणि राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम संमत केले. तेच आजचे १७ वे कलम होय. त्याआधी येणारे १५ वे कलम वाचताना महाडची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. सार्वजनिक विहिरी, तळी, स्नानाचे घाट आणि रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असे त्यात नमूद आहे. बोले ठरावाने जे सुचवले आणि महाडच्या लोकांनी ज्यासाठी मार खाल्ला, ते देशाचा सर्वोच्च कायदा झाले.

स्त्रियांना वारसा व घटस्फोटाचे हक्क देणारे हिंदू कोड बिल रखडल्यामुळे १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्यानंतर दोनच महिन्यांच्या आत, ६ डिसेंबर १९५६ रोजी, दिल्लीत त्यांचे निधन झाले. दादरच्या समुद्रकिनाऱ्यावर अफाट जनसागराच्या साक्षीने त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

कायद्याच्या पलीकडचे

बाबासाहेबांच्या निधनानंतरही अत्याचार थांबले नाहीत. मराठवाडा विद्यापीठाला त्यांचे नाव देण्याच्या ठरावावरून १९७८ साली मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या. नामविस्तार होण्यास १९९४ साल उजाडले. दलित व आदिवासींवरील अत्याचारांना आळा घालण्यासाठी १९८९ साली विशेष कायदा करावा लागला. त्यातील गुन्ह्यांच्या यादीत या समाजांच्या वापरातले पाणी दूषित करणे हाही एक गुन्हा आहे. यावरून पाण्याचा प्रश्न किती खोलवर रुजलेला आहे, हे ध्यानात येते. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका दलित बौद्ध कुटुंबातील चौघांची गावातील जमावाने निर्घृण हत्या केली. न्यायालयाने खुनासाठी शिक्षा ठोठावल्या, पण या खटल्यात अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही.

कायदा तळे उघडू शकतो, शाळेचा नळ उघडू शकतो, टोलनाक्यावरच्या माणसाला जाब विचारू शकतो. बाबासाहेबांनी आयुष्य वेचून हे सारे घडवून आणले. परंतु बडोद्याच्या त्या मित्राच्या घराचे दार कोणताही कायदा उघडू शकला नसता. ते दार आतूनच उघडायचे असते. तो मित्र दुष्ट नव्हता. त्याने अपमान केला नाही, काठी उगारली नाही. पत्नीला विचारून सांगतो, एवढेच तो म्हणाला. आपल्यापैकी बहुतेकजण काठी उगारणाऱ्यांत नाहीत, त्या मित्रासारखेच आहोत. मुलामुलीचे लग्न ठरवताना, घर भाड्याने देताना, शेजाऱ्याला पंगतीला बोलावताना आपणही अद्याप कोणाला तरी विचारून सांगतो.

बागेतल्या बाकावर रात्रीच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या त्या तरुणाने पुढे साऱ्या देशासाठी राज्यघटनेचा मसुदा सिद्ध केला. त्या संध्याकाळी एका घराचे दार उघडले असते, तर निदान एका ख्रिस्ती कुटुंबाची आठवण त्याने वेगळ्या शब्दांत लिहून ठेवली असती.